शेळ्यांचं दोन क्लस्टरचं मिल्किंग मशीन: धार काढणाऱ्याच्या नजरेतून

शेळ्यांसाठी म्हणून विकली जाणारी, चाकांच्या गाड्यावर बसवलेली बादलीची मशीन्स बाहेरून सगळी सारखीच दिसतात. मोटर, पंप, व्हॅक्यूमची टाकी, झाकणाची बादली, दोन नळ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला दोन कप (हा दोन कपांचा संच म्हणजे क्लस्टर). फरक आतल्या भागांत असतो आणि तो पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही. सडांची टोकं खरखरीत व्हायला लागली, शेळ्या शेवटी-शेवटी पाय झाडायला लागल्या, की मग कळतो. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मशीनचं नसून या प्रकाराचं आहे, आणि रोज दोन वेळा जो धारेला बसतो त्याच्या उपयोगाचं आहे. मोटर किती अश्वशक्तीची आणि बादली किती लिटरची, यावर मशीन निवडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पल्सेटर कसा चालतो, व्हॅक्यूम स्थिर राहतो का, आणि सगळं धुवायला किती वेळ जातो, हे बघून निवडावं.

पल्सेटर

खऱ्या मशीनचा कप दोन भागांचा असतो. बाहेर स्टीलचं किंवा प्लास्टिकचं कडक कवच, आत रबराचा किंवा सिलिकॉनचा लायनर. लायनरच्या आत सतत व्हॅक्यूम असतो. कवच आणि लायनर यांच्या मधल्या पोकळीत पल्सेटर आळीपाळीने एकदा व्हॅक्यूम देतो, एकदा बाहेरची हवा सोडतो. पोकळीत व्हॅक्यूम असला की लायनर उघडा राहतो आणि दूध येतं. हवा आली की लायनर सडाखाली मिटतो, दूध क्षणभर थांबतं आणि सडाच्या टोकाशी साचलेलं रक्त पुन्हा वर जातं. हे मिटणं झालं नाही तर सड नुसता ओढला जातो. टोक सुजतं, निळसर पडतं, त्याचं छिद्र नीट मिटत नाही, आणि दगडीच्या (कासेच्या सुजेच्या रोगाच्या) जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

सर्वांत स्वस्त मशीनमध्ये हा दुसरा कप्पाच नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: कपाला दोन नळ्या हव्यात, एक दुधाची आणि एक पल्सेटरकडून येणारी. एकच नळी दिसली तर ते मशीन घेऊ नये. काहींत पंपच थांबत-थांबत ओढतो आणि विकणारा त्याला पल्सेशन म्हणतो. त्यात ओढ कमी-जास्त होते खरी, पण लायनर मिटून सडाला जी मालीश मिळायला हवी ती मिळत नाही. एका-दोघा शेळ्यांची धार चार दिवस काढून बघितली तर काहीच वाईट दिसणार नाही. अख्खं वेत काढायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

शेळीसाठी पल्सेटरचा वेग मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास ठेवतात, काही ठिकाणी १२० पर्यंतही नेतात. गाईसाठी तो ६० च्या जवळपास असतो. म्हणून गाईच्या मशीनचे दोन कप काढून, उरलेल्या दोन तोंडांना बूच लावून ‘हेच शेळ्यांना चालतं’ असं सांगितलं जातं तेव्हा तीन गोष्टी चुकतात: ठोके कमी पडतात, लायनरचं तोंड मोठं असतं आणि व्हॅक्यूम जास्त असतो. लायनर उघडा राहण्याचं आणि मिटलेलं राहण्याचं प्रमाण ६०:४० किंवा ५०:५० असावं.

तपासायचं कसं? मशीन चालू करून स्वच्छ अंगठा लायनरमध्ये घाला. अंगठ्यावर ठसठशीत दाब आला पाहिजे आणि तो पूर्ण सुटलाही पाहिजे. मग १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणा. ९० चा वेग असेल तर २२-२३ ठोके भरतात. चारही कपांत हेच करा, कारण एका नळीला बारीक चीर असली तर त्या एकाच कपात दाब मऊ लागतो आणि बाकीचे ठीक असतात. हवेवर चालणाऱ्या पल्सेटरचा वेग थंडीत आणि धूळ बसल्यावर बदलतो, तो स्क्रूने जुळवावा लागतो. विजेवरचा पल्सेटर वेग पक्का धरतो, पण त्याला ओल सहन होत नाही. दोन्हींपैकी कुठलाही पाण्यात बुडवून धुवायचा नसतो. हवेच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी किंवा स्पंज मात्र नियमाने काढून झटकायचा. ठोके लंगडे पडण्याचं सर्वांत साधं कारण तेच असतं.

व्हॅक्यूम

सडाजवळ ३६ ते ४० किलोपास्कल व्हॅक्यूम शेळीला पुरतो. गेज इंचांत असेल तर काटा पाऱ्याच्या साधारण १०.५ ते १२ इंचांत हवा. व्हॅक्यूम वाढवला की दूध भराभर येतं, आणि घाई असलेला माणूस व्हॅक्यूम ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू पिळतोच. त्याची किंमत सडाचं टोक मोजतं. तसंच कप वर सरकून सडाच्या मुळाशी आवळून बसतो, वरून येणाऱ्या दुधाची वाट चेपली जाते आणि शेवटी कासेत दूध जास्तच उरतं.

गेजवरचा आकडा बरोबर असणं ही पहिली पायरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धार चालू असताना तो तिथेच राहणं. चालू मशीनवर एक कप उघडा ठेवून पाच सेकंद हवा आत जाऊ द्या. काटा खाली येईल. कप बंद केल्यावर तीनेक सेकंदांत काटा जागेवर परतला पाहिजे. दहा-बारा सेकंद लागत असतील तर पंप अपुरा आहे, टाकी लहान आहे किंवा कुठे तरी गळती आहे. अशा मशीनवर एका शेळीचा कप घसरला की शेजारच्या शेळीच्या सडाजवळचा व्हॅक्यूमही कोसळतो, दूध उलट दिशेने सडावर आदळतं, आणि एका सडातले जंतू दुसऱ्याकडे पोचतात.

रेग्युलेटरकडे कान द्या. धार चालू असताना त्यातून हवा आत जाण्याचा बारीक सूं आवाज सतत यायला हवा. तो येतो म्हणजे पंपाकडे शिल्लक ताकद आहे. आवाज बंद असेल तर पंप आधीच पूर्ण ताकदीने ओढतोय आणि हाताशी काहीच राखीव नाही.

बादली शेळीच्या कासेपेक्षा खाली ठेवायची. नळी वर नेऊन दूध चढवायला लावलं तर भरलेल्या नळीच्या दर मीटर उंचीमागे सुमारे १० किलोपास्कल व्हॅक्यूम सडाजवळ कमी होतो. म्हणजे गेजवर ३८ आणि सडाशी २८. मग कप घसरतात आणि दोष लायनरला दिला जातो. नळी खाली लोंबून तिचा झोळ पडला तरी दूध तिथे साचतं, म्हणून लांबी हवी तेवढीच ठेवावी.

लायनर आणि सड

लायनर हा खर्चाचा भाग आहे आणि सर्वांत जास्त हेळसांडही त्याचीच होते. रबराचा लायनर सुमारे २,५०० धारांनंतर बदलावा, फाटलेला दिसो वा न दिसो. सिलिकॉनचा त्याहून बराच जास्त टिकतो, पण त्याला बारीक काप गेला की चीर झपाट्याने वाढते. हिशेब असा करा: ४० दुभत्या शेळ्या, दिवसाला दोन धारा, दोन क्लस्टर. म्हणजे प्रत्येक क्लस्टरवर दिवसाला ४० धारा. २,५०० भागिले ४०, सुमारे ६२ दिवस. दहा शेळ्यांच्या गोठ्यात तोच लायनर धारांच्या हिशेबाने आठ महिन्यांपर्यंत जातो, पण दुधातल्या चरबीने रबर फुगतं आणि जुनं होतं, त्यामुळे तिथेही सहा महिन्यांत बदललेला बरा.

जुना लायनर हाताला कळतो. आतून बोट फिरवलं की खडबडीत लागतं, तोंडाची कड लाटेसारखी झालेली असते, आणि नव्याशेजारी ठेवला की लांबी वाढलेली दिसते. ताण गेला की लायनर उशिरा मिटतो आणि धार लांबते. बसवताना लायनरवरची खूण दोन्ही टोकांना एका रेषेत आली पाहिजे. पीळ पडला तर तो एकाच बाजूने मिटतो. जास्तीचे लायनर उन्हात किंवा चालत्या मोटरजवळ टांगून ठेवू नयेत, रबर तडकतं.

सगळ्या शेळ्यांना एकच कप बसत नाही, हे या मशीनचं खरं मर्यादित अंग आहे. पहिलारूंचे सड आखूड आणि बारीक असतात, तिथे कपाचं तोंड सैल पडून हवा शिरते. काही जुन्या शेळ्यांचे सड बाटलीसारखे फुगीर असतात, मुळाशी रुंद, आणि कास व सड यांत सीमाच नसते. त्यांना कप नीट चढत नाही. चढवला तरी तळातलं दूध सुटत नाही. कास गुडघ्याखाली लोंबली असेल तर कप जमिनीला टेकून वाकडा होतो. असे प्राणी कळपात किती आहेत ते मशीन घेण्याआधी मोजावं. त्यांची धार हातानेच निघणार आहे, आणि अंगठा-तर्जनीने सड वरून बंद करून बाकीची बोटं क्रमाने आवळायची मुठीची पद्धत ज्याला येते त्याची गरज मशीन आल्यावरही राहते. चिमटीत धरून सड ओढणारा माणूस खराब मशीनपेक्षा कमी नुकसान करत नाही.

प्रत्यक्ष धार

शेळीच्या कासेतलं ७० ते ८० टक्के दूध आधीच खालच्या पोकळीत उतरलेलं असतं. गाईसारखी पान्ह्याची वाट फार बघावी लागत नाही, कप लावला की दूध सुरू होतं. हाच गुण मशीनवर धोक्याचा ठरतो. बहुतेक शेळ्या दोन-तीन मिनिटांत रिकाम्या होतात, आणि दोन क्लस्टर एकट्याने सांभाळणाऱ्याचं लक्ष तेव्हा दुसरीकडे असतं. रिकाम्या सडावर चालणारं मशीन हे सड खराब होण्याचं आमच्या मते पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. म्हणून क्लस्टर पारदर्शक हवा किंवा दुधाच्या नळीत बघायची काच हवी, आणि प्रत्येक कपाला स्वतःची बंद करायची कळ हवी. एका बाजूचं दूध संपलं की तो कप बंद, दुसरा चालू. ही सोय नसलेलं मशीन शेळ्यांसाठी बनवलेलं नाही असंच समजावं.

क्रम असा ठेवावा. हात धुऊन कोरडे. प्रत्येक सडातून पहिल्या दोन-तीन धारा काळी जाळी असलेल्या कपात. गुठळ्या, पाणीदारपणा, रक्ताचा धागा काळ्यावर लगेच उठून दिसतो. त्या धारा कधीही जमिनीवर किंवा हातावर काढू नयेत. मग सड जंतुनाशकात बुडवून ३० सेकंद थांबायचं आणि एका शेळीला एक कागद किंवा एक धुतलेलं फडकं याने कोरडा पुसायचा. ओल्या सडावर कप घसरतो आणि कासेवरचं घाण पाणी लायनरमधून थेट बादलीत जातं. कप लावताना खालची छोटी नळी मोडून धरायची, म्हणजे सडापर्यंत पोचेतो हवा ओढली जात नाही. आधी लांबचा सड, मग जवळचा. नीट लागलेला कप शांत असतो. चिरका आवाज आला तर कुठून तरी हवा जातेय, तेव्हाच दुरुस्त करावा.

काढताना आधी व्हॅक्यूम बंद करायचा, दोन सेकंद थांबायचं, कप आपोआप हातात येतात. चालू व्हॅक्यूमवर हिसडा देऊन कप काढणं हा सर्वांत वाईट प्रकार आहे. मग हाताने तपासायचं: दोन-चार धारांपेक्षा जास्त निघत असेल तर काही बिघडलंय. शेवटचं दूध काढायला रोज क्लस्टर खाली ओढून धरायची सवय लावू नये, शेळी त्याशिवाय पूर्ण दूध सोडेनाशी होते. शेवटी सड ०.५ टक्के आयोडीन आणि ग्लिसरीन असलेल्या द्रावणात पूर्ण बुडवावा, आणि शेळीला गव्हाणीत वैरण टाकावी. ती अर्धा तास उभी राहते तेवढ्यात सडाचं छिद्र मिटतं.

आधी पहिलारू आणि निरोगी, मग जुन्या, मग सीएमटीत (दुधात रसायन मिसळून दगडी ओळखायच्या चाचणीत) शंकास्पद, आणि औषध चालू असलेल्या सर्वांत शेवटी वेगळ्या भांड्यात. सीएमटी वाचताना एक ध्यानात ठेवावं. शेळीच्या दुधात पेशींचे तुकडे निसर्गतःच जास्त असतात, त्यामुळे थोडासा चिकटपणा म्हणजे दगडीच असं नसतं. दोन बाजूंची तुलना करा. एक बाजू पातळ आणि दुसरी घट्ट झाली तर ती घट्ट बाजू संशयाची.

सड काय सांगतो

कप काढल्या-काढल्या सडाकडे बघण्याएवढं उपयोगी काही नाही. मुळाशी कड्यासारखा वळ उठलेला असेल तर व्हॅक्यूम जास्त आहे, कप फार वेळ राहिला आहे किंवा लायनरचं तोंड त्या सडाला जुळत नाही. टोक निळसर किंवा दाबल्यावर कडक असेल तर मिटण्याचा वेळ अपुरा आहे, म्हणजे पल्सेटर बघा. छिद्राभोवती पांढरं, खरखरीत कडं तयार होत असेल तर आठवड्यांचा त्रास साचला आहे. बहुतेकदा ही रिकाम्या धारेची फळं असतात.

दूध क्लस्टरमध्ये तुंबून पुढे सरकत नसेल तर पंपाला हात लावण्याआधी हवेचं बारीक भोक बघा. दोन्ही कपांच्या नळ्या जिथे मिळतात त्या ‘क्लॉ’ भागावर किंवा कपाच्या बुडाशी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असलेलं हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून शिरणारी हवा दुधाला पुढे ढकलते. दुधाचा सुकलेला थेंब तिथे बसला की सगळं अडतं. ते बारीक तारेने मोकळं करावं, खिळा घालून मोठं करू नये. भोक मोठं झालं की जास्त हवा दुधात घुसळली जाते, चरबीचे कण फुटतात आणि दुधाला उग्र, बोकडासारखा वास येतो. शेळीच्या दुधाला वास येतो अशी जी तक्रार असते, तिच्यात बोकड जवळ बांधण्याइतकाच हातभार गळक्या नळ्या आणि उशिरा थंड केलेलं दूध यांचा असतो. दोन तासांच्या आत दूध ४ अंश सेल्सिअसवर यायला हवं.

धुणं

मशीनने वाचवलेला वेळ इथे परत द्यावा लागतो, आणि इथली कंजुषी दुधात दिसते. धार संपताच ३५ ते ४० अंशांच्या कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पहिलंच पाणी कढत घेतलं तर दुधातली प्रथिनं आत चिकटून बसतात, हे सांगूनही लोक करतात. मग अल्कली धुण्याची पावडर ६० ते ७० अंशांच्या पाण्यात, ८ ते १० मिनिटं. शेवटी पाणी ४० अंशांखाली जाऊ देऊ नये, नाहीतर सुटलेली चरबी परत बसते. चारही कप द्रावणात बुडवून मशीनने ते बादलीत ओढायचं आणि मधून-मधून कप बाहेर काढून हवा ओढू द्यायची. त्या हवेच्या धक्क्यांनी नळीच्या भिंती घासल्या जातात. मग साधं पाणी. पाणी जड असेल तर आठवड्यातून एक-दोनदा आम्लाने धुवावं, म्हणजे दूधखडा (क्षारांचा कडक थर) बसत नाही. क्लोरीनचं द्रावण आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये, विषारी वायू तयार होतो. पुढच्या धारेआधी १०० ते २०० पीपीएम हायपोक्लोराइट फिरवून पूर्ण निथळू द्यावं.

ब्रशने हाताने घासायच्या जागा ठरलेल्या आहेत: झाकणाच्या गॅस्केटखालची खाच, झाकणातला एकदिशा व्हॉल्व्ह, लायनरच्या तोंडाची आतली कड. गॅस्केट उचलून खाचेत नख फिरवलं आणि पिवळट, लोण्यासारखा थर निघाला, तर बादली कितीही चकाकत असो, धुणं अपुरं आहे. मशीन विकत घेताना गॅस्केट हत्याराशिवाय निघतं का हे जरूर बघावं. ज्यात स्क्रूड्रायव्हर लागतो, ते रोज उघडलं जात नाही.

बाकीचं थोडक्यात

बादली स्टीलची घ्यावी. प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्यांत दूध बसतं. २५ लिटरची बादली भरली की नुसतं दूधच २६ किलोच्या आसपास होतं, वर बादलीचं वजन. ती रोज उचलून ओतायची असेल तर १५ लिटरच्या दोन बऱ्या. तेलाचा पंप जास्त टिकतो, पण तेलाची पातळी रोज बघावी लागते आणि धुराचं तोंड गोठ्याबाहेर काढावं लागतं. कोरडा पंप सोपा, आवाज जास्त. पंपाआधीच्या सापळ्यात तरंगता व्हॉल्व्ह हवाच. दूध पंपात गेलं तर पंप जाम होतो. वीज गेली तर आधी कपाच्या कळा बंद करायच्या, मग हात.

किती शेळ्यांपासून परवडतं? धुण्याला २० ते २५ मिनिटं लागतात, शेळ्या पाच असोत वा पन्नास. दहापेक्षा कमी दुभत्या शेळ्या असतील तर हाताची धार लवकर आटपते आणि भांडी कमी लागतात. पंधरा-वीसच्या पुढे मशीन मनगटं आणि वेळ दोन्ही वाचवतं. दोन क्लस्टरवर सरावलेला माणूस पुसणं, तपासणं, बुडवणं धरून तासाला २५ ते ३० शेळ्या नीट करतो. चाळीसच्या वर सांगणारे बहुधा काळ्या जाळीचा कप वापरत नाहीत.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून त्याच मापाच्या लायनरचे दोन संच, झाकणाचं गॅस्केट, पल्सेटरचा पडदा आणि पट्ट्यावर चालणारं असेल तर पट्टा मशीनबरोबरच घ्यावा, आणि लायनर व कवच यांचा मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. दिसायला तोच पण मापाने दोन मिलिमीटर वेगळा लायनर कवचात सैल किंवा ताठ बसतो, आणि मग पल्सेटर कितीही जुळवला तरी ठोका सडापर्यंत पोचत नाही.